अतिसंवाहक होता होता राहिलेला धातू

पाऱ्याचा विद्युत रोध सुमारे ४.२ केल्विन तापमानाला एकाएकी नाहीसा होतो, हे कामरलिंग ऑनेस यांना १९११ मध्ये लायडन येथे आढळले. असा रोध गमावणाऱ्या पदार्थाला अतिसंवाहक म्हणतात. त्यात इलेक्ट्रॉनांच्या ‘कूपर जोड्या’ जुळतात आणि त्या सर्व एका तालात वाहतात, म्हणून रोध उरत नाही. असा पदार्थ काही नॅनोमीटर जाडीच्या, अणूंची मांडणी विस्कळीत असलेल्या थरात आणला, की तापमान केवल शून्याकडे (शक्य तितक्या नीचतम तापमानाकडे) जाताना त्याच्यापुढे दोनच वाटा असाव्यात, असे दीर्घकाळ मानले जात होते: अतिसंवाहक होणे किंवा दुर्वाहक होणे, म्हणजे वीज मुळीच वाहू न देणे. अब्राहम्स, अँडरसन, लिचिआर्देल्लो आणि भारतीय भौतिकशास्त्रज्ञ टी. व्ही. रामकृष्णन यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार, अशा द्विमितीय थरात एकेकट्या इलेक्ट्रॉनांपासून खरा धातू, म्हणजे केवल शून्याजवळही थोडा रोध राखून वीज वाहून नेणारी अवस्था, संभवत नाही.

स्टॅनफर्ड विद्यापीठात १९९६ मध्ये मॉलिब्डेनम-जर्मेनियमच्या थरांवर झालेल्या प्रयोगात मात्र तिसरीच वाट दिसली. अतिसंवाहक थरात चुंबकीय क्षेत्र शिरते ते प्रवाहाच्या सूक्ष्म भोवऱ्यांच्या रूपाने, आणि हे भोवरे जागचे हलले की रोध निर्माण होतो. थंडी वाढेल तसे ते गोठून रोध झपाट्याने शून्याकडे जायला हवा होता. तो बराच घटला खरा, पण पुढे तापमान कितीही उतरवले तरी एका लहानशा मूल्यावर टिकून राहिला. उष्णतेच्या धक्क्याविनाही भोवरे क्वांटम सुरंगनाने, म्हणजे अडथळा ओलांडण्याइतकी ऊर्जा नसतानाही त्यापलीकडे निसटून, अडथळे पार करत असावेत, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले गेले.

येथे एक शंका रास्त होती. मोजमापाच्या तारांतून बाहेरचा रेडिओ-गोंगाट आत शिरला, तर तापमापक थंडी दाखवत असतानाही थरातील इलेक्ट्रॉन तापलेलेच राहू शकतात. २०१९ मध्ये इंडियम ऑक्साइड आणि नायोबियम डायसेलेनाइडच्या नमुन्यांवर हा गोंगाट गाळून टाकताच तो टिकून राहिलेला रोध नाहीसा झाला. मला हा प्रयोग मूळ शोधाइतकाच मोलाचा वाटतो, कारण त्यानंतर जुन्या प्रत्येक नोंदीकडे नव्याने पाहणे भाग पडले.

तरीही विषय तेथे मिटला नाही. त्याच वर्षी चीन आणि अमेरिकेतील संशोधकांनी यिट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइडच्या थराला नॅनोआकाराच्या छिद्रांची जाळी पाडली. चुंबकीय क्षेत्र बदलत नेले असता धातूसारख्या त्या अवस्थेतही रोध ठरावीक अंतराने वरखाली होत होता, आणि ते अंतर एका इलेक्ट्रॉनाच्या नव्हे, तर दोन इलेक्ट्रॉनांच्या प्रभाराशी जुळणारे होते. म्हणजे प्रवाह जोड्यांचाच होता. जोड्या शाबूत असूनही त्यांचा ताल सबंध थरभर का जुळत नाही, आणि तो जुळत नसताना त्या दुर्वाहकाप्रमाणे जागच्या जागी का अडकत नाहीत, याचे सर्वांना पटेल असे गणित अद्याप मांडले गेलेले नाही.