बुंध्यात साठलेली वर्षे

रोपवाटिकेत विकली न गेलेली, सरळ उंच वाढलेली आणि खालून उघडी पडलेली झाडे बहुतेक ग्राहक टाळतात. बोन्साय करू पाहणाऱ्याने मात्र तीच आधी पाहावीत, असे मला वाटते. फांद्या काही वर्षांत नव्याने घडवता येतात, पानेही लहान करता येतात. पण उथळ कुंडीत सतत छाटल्या जाणाऱ्या झाडाचा बुंधा फारच मंद गतीने जाड होतो. खोडाचा घेर वाढतो तो सालीखालच्या कँबियम नावाच्या पेशींच्या पातळ थरामुळे, आणि त्या वाढीला लागणारी साखर पानांकडून येते. वर्षानुवर्षे कात्री न लागलेल्या झाडाकडे हा घेर आयताच असतो.

निवड करताना वरची दोन-तीन सेंटिमीटर माती बोटाने बाजूला सारून मुळे जिथे खोडातून फाकतात ती जागा शोधावी. पुष्कळदा ती मातीखाली दडलेली असते. बुंधा तळाशी रुंद असून वर निमुळता होत गेला असेल, तर फांद्यांच्या दुरवस्थेकडे दुर्लक्ष करायला हरकत नाही.

खरी अडचण मुळांची असते. एकाच कुंडीत अडकून राहिलेल्या झाडाची मुळे कडेने गोल फिरत राहतात, जाड होताना एकमेकांना व कधी खोडालाही आवळतात. नुसती मोठी कुंडी देऊन हा पीळ सुटत नाही. तळाची व गोल फिरलेली जाड मुळे कापून खोडाजवळची बारीक मुळे चहूबाजूंनी पसरावी लागतात, कारण पाणी व क्षार मुख्यतः तीच शोषतात.

उंच खोड छाटल्यावर खालून फूट का येते, याचे उत्तर संप्रेरकांत आहे. १९२८ साली वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रिट्स वेंट यांनी ओटच्या अंकुरांवरील प्रयोगांतून ऑक्सिन हे शेंड्यात तयार होणारे संप्रेरक वेगळे करून दाखवले. पुढे १९३०च्या दशकात केनेथ थीमन आणि फोल्के स्कूग यांनी शेंडा कापलेल्या रोपाच्या टोकावर ऑक्सिन लावले, तेव्हा एरवी फुटले असते ते खालचे डोळे दबलेलेच राहिले. २००८ मध्ये स्ट्रिगोलॅक्टोन या संप्रेरकांचाही फांद्या रोखण्यात वाटा असल्याचे स्पष्ट झाले. शेंडा काढला की हा दाब ओसरतो आणि सालीत सुप्त असलेले डोळे जागे होतात. मात्र प्रत्येक झाडाची ही क्षमता सारखी नसते. वड-पिंपळाच्या कुळातील झाडे आणि बोगनवेल जुन्या लाकडातूनही फुटतात. पाईन व ज्युनिपर यांची पाने झडून गेलेली जुनी फांदी सहसा पुन्हा फुटत नाही, म्हणून त्यांच्या प्रत्येक राखायच्या फांदीवर हिरवा भाग ठेवावाच लागतो.

मुळे आणि शेंडा एकाच वेळी जबर छाटण्याचा मोह मात्र आवरावा. नव्या मुळांना पानांतून येणारी साखर व ऑक्सिन हवे असते, तर नव्या फुटीला मुळांकडून पाणी आणि सायटोकायनिन हे संप्रेरक. दोन्ही बाजू एकदम तोडल्या तर झाडाला साठवलेल्या अन्नावरच तगावे लागते, आणि आधीच हलाखीत वाढलेल्या झाडाकडे तो साठा बेताचाच असतो. एका हंगामात मुळे सुधारून, जोमदार नवी फूट दिसल्यावरच पुढच्या हंगामात खोड छाटणे मला सर्वात सुरक्षित वाटते. पानझडी झाडांची मुळे डोळे फुगण्याच्या सुमारास, तर उष्ण कटिबंधातील झाडांची ऐन वाढीच्या उबदार काळात हाताळावीत.

उथळ तबकाची पाळी सर्वात शेवटी येते, आणि त्यामागे साधे भौतिकशास्त्र आहे. पाणी निथळून गेल्यावरही केशाकर्षणामुळे, म्हणजे बारीक पोकळ्या पाणी धरून ठेवत असल्याने, कुंडीच्या तळाशी ओल्या मातीचा एक थर उरतो. त्याची उंची कुंडीच्या खोलीवर नव्हे, तर मातीच्या कणांच्या आकारावर अवलंबून असते. त्यामुळे बारीक मातीने भरलेल्या उथळ तबकात जवळजवळ सगळी मुळे पाण्यात बुडून प्राणवायूला मुकतात. चाळून धूळ काढलेले तीन ते पाच मिलिमीटरचे सच्छिद्र खडे वापरले, तर हा थर पातळ राहतो आणि कणांमधील मोठ्या पोकळ्यांतून मुळांपर्यंत हवा पोहोचते.