कार्बन नॅनोमटेरियल अँटिऑक्सिडंट म्हणून : कॉम्प्युटरवरचं रसायनशास्त्र

फुलरिन, कार्बन नॅनोट्यूब, ग्राफिन, कार्बन डॉट हे कार्बनचे अतिबारीक प्रकार फ्री रॅडिकलला, म्हणजे एकटा इलेक्ट्रॉन असलेल्या चळवळ्या रेणूला, कसे आवरतात, त्यांच्या कुठल्या जागी रॅडिकल चिकटतो आणि किती वेगानं, हे क्वांटम मेकॅनिक्सच्या गणितानं कॉम्प्युटरवर काढायचं, असा हा विषय. मराठवाड्यात एमएस्सी केमिस्ट्रीच्या पोरांना कॉम्प्युटरवरची केमिस्ट्री म्हटलं की आधी औषधांचं डॉकिंगच आठवतं, म्हणजे औषधाचा रेणू प्रथिनात कसा बसतो ते बघणं. इथं बाँड तुटतात आणि जुळतात, त्यामुळं इलेक्ट्रॉनचाच हिशोब धरावा लागतो.

आधी रॅडिकल म्हणजे काय ते तेलावरून बघू. आमच्याकडं घाण्यावरून आणलेलं करडईचं तेल, झाकण उघडं राहिलं आणि ऊन लागलं की खवट होतं, आई नुसत्या वासावरून सांगते. करडईत लिनोलिक आम्ल लई, साधारण ७० टक्क्यांच्या वर, आणि त्याच्या दोन डबल बाँडांच्या मधला हायड्रोजन पटकन निघतो, तिथं एकटा इलेक्ट्रॉन उरतो, तो हवेतला ऑक्सिजन धरतो, त्याचा पेरॉक्सिल रॅडिकल होतो आणि तो शेजारच्या रेणूचा हायड्रोजन ओढतो, मग तोही तसाच, अशी साखळी चालू राहते. व्हिटॅमिन ई ही साखळी तोडतं कारण त्याचा ओ-एच बाँड ढिला आहे, तोडायला ७७-७८ किलोकॅलरी प्रति मोल पुरतात, साध्या फिनॉलला ८७ च्या आसपास लागतात. म्हणजे व्हिटॅमिन ई स्वतःचा हायड्रोजन देऊन टाकतं.

सी-६० या फुलरिनकडं द्यायला हायड्रोजनच नाही. ६० कार्बन, १२ पंचकोन, २० षटकोन, फुटबॉलसारखा गोळा, बस. तो रॅडिकलला अंगावर चिकटवून घेतो. क्रोटो, कर्ल आणि स्मॉली यांनी हा रेणू १९८५ मध्ये शोधला (नोबेल १९९६), आणि १९९१ मध्ये ड्यूपॉन्टच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की एकाच गोळ्यावर बेंझिल रॅडिकल १५ पर्यंत आणि मिथिल तर ३४ पर्यंत बसतात. 'रॅडिकल स्पंज' हे नाव तेव्हापासूनचं. म्हणून व्हिटॅमिन ईला विचारतो तो प्रश्न, किती सहज देतोस, इथं चालत नाही, इथं विचारायचं की चिकटतं कुठं आणि चिकटल्यावर किती ऊर्जा बाहेर पडते.

हिशोब बहुतेक डीएफटीनं होतो, म्हणजे डेन्सिटी फंक्शनल थिअरी, इलेक्ट्रॉनच्या घनतेवरून ऊर्जा काढायची पद्धत, तिचा पाया होहेनबर्ग-कोन १९६४ आणि कोन-शॅम १९६५. सी-६० मध्ये ३६० इलेक्ट्रॉन, आणि ६-३१जी(डी) हा साधाच बेसिस सेट, म्हणजे इलेक्ट्रॉनचं वर्णन करायच्या गणिती फंक्शनांचा संच, घेतला तरी कार्बनमागे १५ फंक्शन, म्हणजे ९०० झाली, आणि अणू दुप्पट केले की काम ढोबळमानानं आठपट वाढतं. लातूरच्या भाड्याच्या खोलीत मी हे केलं होतं, ऑर्का हे सॉफ्टवेअर शिकणाऱ्यांना फुकट मिळतं, रात्री जॉब लावून झोपायचं आणि पहाटे लाइट गेली की इन्व्हर्टर पंख्यापुरताच. तुम्ही करणार असाल तर मधली फाइल जपून ठेवा, तिच्यावरून पुढं चालू करता येतं. आणि जॉब नीट संपला म्हणून खुश व्हायचं नाही, आधी एस-स्क्वेअर, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या स्पिनची पडताळणी करणारा आकडा, बघायचं, एकट्या इलेक्ट्रॉनच्या रॅडिकलला ते ०.७५ च्या जवळ हवं, फार वर गेलं असेल तर आकडा कितीही छान दिसो, फेकून द्या.

सी-६० वर पहिला हायड्रॉक्सिल (ओ-एच रॅडिकल) बसायला एकच जागा, कारण साठही कार्बन सारखेच. पण एक बसला की समानता मोडते, दुसरा बसायच्या वेगवेगळ्या तऱ्हा २३ होतात. एकटा इलेक्ट्रॉन मुख्यतः चिकटलेल्या जागेच्या आसपासच्याच काही कार्बनवर पसरलेला सापडतो आणि दुसरा रॅडिकल तिथं पहिल्यापेक्षा सहज जुळतो.

वाकडेपणाचा मुद्दा मला सगळ्यात भारी वाटतो. सपाट ग्राफिनमध्ये कार्बनचा वाकण्याचा कोन शून्य, सी-६० मध्ये ११.६ अंश, आणि चार एकेरी बाँडांचा कार्बन व्हायला १९.५ लागतात. गोळा अर्धी वाट आधीच चाललेला असतो. सपाट पत्र्याच्या मधोमध मात्र रॅडिकल नाखुशीनंच बसतो, तो कडेला नाहीतर जिथं पत्र्यात दोष आहे तिथं जातो. आणि कॉम्प्युटरवर अख्खा पत्रा मावत नाही म्हणून सी-२४-एच-१२ म्हणजे कोरोनीन किंवा सी-५४-एच-१८ असा तुकडा कापून घेतात, मग आपणच केलेली कड मधल्या आकड्यात लुडबुड करते. नॅनोट्यूब या दोन्हींच्या मधली, नळी जितकी बारीक तितकी जास्त वाकलेली. तिच्यावर मेक्सिकोच्या आनिया गालानो यांचं २००८ पासूनचं काम वाचायलाच पाहिजे.

कार्बन डॉटची गोष्ट निराळी. पऱ्हाट्या, तुऱ्हाट्या असल्या काडीकचऱ्यापासूनही ते बनतात, आणि पृष्ठभागावर ओ-एच, सीओओ-एच लटकलेले असतात, त्यामुळं ते चिकटवतातही आणि व्हिटॅमिन ईसारखा हायड्रोजनही देतात. दोन बॅचचा पृष्ठभाग सारखा नसतो, म्हणून मॉडेल कुठलं धरायचं इथंच निम्मी डोकेदुखी.

आकड्यांवर विश्वास किती ठेवायचा? खोलीच्या तापमानाला अडथळ्यात, म्हणजे अभिक्रिया व्हायला चढाव्या लागणाऱ्या ऊर्जेच्या टेकाडात, १.४ किलोकॅलरीचा फरक पडला की वेग दहापट बदलतो, आणि डीएफटीची चूक २-३ किलोकॅलरी सहज असते. म्हणजे वेगाचा आकडा शंभरपट इकडंतिकडं. डीएफटीचं नुसतं बी-३-एलवायपी हे सूत्र घेतलं तर रेणूंमधली लांबून होणारी ओढ सुटते, म्हणून डी-३ दुरुस्ती जोडतात किंवा एम०६-२एक्स हे दुसरं सूत्र घेतात. शिवाय पाणी धरलं नाही तर चित्र पालटतं. ऑक्सिजनची इलेक्ट्रॉनची हाव ०.४५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, सी-६० ची २.६८, यावरून सुपरऑक्साइडचा (एक इलेक्ट्रॉन जास्त घेतलेल्या ऑक्सिजनचा) इलेक्ट्रॉन गोळ्याकडं आपसूक जाईल असं वाटतं, पण पाण्यात सुपरऑक्साइडभोवती पाण्याचे रेणू घट्ट बसतात आणि तेवढा फायदा उरत नाही.

लॅबमध्ये पडताळणी बहुतेकदा डीपीपीएच या टिकाऊ रॅडिकलनं, जांभळं द्रावण पिवळं पडतं, ५१७ नॅनोमीटरला मोजायचं. पण डीपीपीएच अंगानं मोठा, स्वभावानं शांत. शरीरातला हायड्रॉक्सिल चिमुकला आणि दिसेल त्याला चावणारा, त्यामुळं दोन्हींचे आकडे जुळले नाहीत म्हणून लगेच गणिताला शिव्या देऊ नये.

उजेडाची भानगड तर साध्या हिशोबात दिसतच नाही. सी-६० वर प्रकाश पडला की तो ऊर्जा ऑक्सिजनला देतो आणि सिंगलेट ऑक्सिजन, म्हणजे ऑक्सिजनचं जास्त चिडलेलं रूप, तयार होतो, म्हणजे ज्याला अँटिऑक्सिडंट म्हणून आणलं तोच ऑक्सिडेशन करायला लागतो. ग्राउंड स्टेटची, म्हणजे सगळ्यात कमी ऊर्जेच्या अवस्थेची, गणितं हे सांगणार नाहीत, त्यासाठी उत्तेजित अवस्थेचं टीडी-डीएफटी लावावं लागतं. २०१२ मध्ये ऑलिव्ह तेलातल्या सी-६० नं उंदीर जास्त जगले असं छापून आलं आणि लोक बाटल्या विकत घ्यायला लागले, २०२१ मध्ये दुसऱ्या गटानं दाखवलं की तेच मिश्रण उजेडात ठेवल्यावर उंदरांना विषारी ठरतं, आणि आयुष्य वाढल्याचंही त्यांना दिसलं नाही.