घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी माणूस ठेवताना

आमचा ब्युरो घरी पेशंट सांभाळायला माणसं देतो. आमच्याकडे येणारा फोन बहुधा घाईतला असतो. आई बाथरूममध्ये पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं, उद्या डिस्चार्ज आहे आणि घरी बघायला कोणी नाही. मग वॉचमनला विचारून, सोसायटीच्या ग्रुपवर टाकून एखादी बाई मिळते. ती आठ दिवसांत जाते, दुसरी येते. मुलगा रजा संपली म्हणून हवालदिल आणि आजींना पुन्हा नवा चेहरा. पुण्यातल्या कितीतरी घरांत हे हाल आम्ही बघतो, म्हणून हे पत्रक. माणूस आमच्याकडून घ्या किंवा दुसरीकडून, एवढं मात्र बघून घ्या.

नर्स हवी की मावशी?

नाकातली किंवा लघवीची नळी, इंजेक्शन, जखमेचं ड्रेसिंग ही कामं महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी असलेल्या नर्सचीच. अंघोळ, डायपर, भरवणं, चालवणं, वेळेवर गोळ्या देणं हे काम शिकलेल्या मावशी (सेविका) किंवा मामा (पुरुष सेवक) नीट करतात. वडील अंगाने भारी असतील तर मामाच मागा. पैसे वाचवायला मावशींना इंजेक्शन द्यायला सांगू नका.

पहिल्या दिवशी घरात थांबा

माणूस कसा आहे हे बोलण्यावरून कळत नाही, हातावरून कळतं. अर्धांगवायूच्या पेशंटला पलंगावरून उठवताना बघा. खुर्ची चांगल्या बाजूला लावली का, चाकांचा ब्रेक लावला का, कमरेला आधार दिला का? लुळा हात धरून ओढणाऱ्या माणसाला तिथेच थांबवा, त्याने खांदा निखळू शकतो. भरवताना पेशंट ताठ बसलेला हवा, घास लहान हवा, आणि जेवणानंतर अर्धा तास तरी आडवं करू नये; नाहीतर अन्न श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. माकडहाड आणि टाचा रोज उजेडात बघायच्या. लाल झालेली जागा चोळायची नाही, त्यावरचा भार काढायचा आणि डॉक्टरांना कळवायचं.

चोवीस तास म्हणजे चोवीस तास जागं नव्हे

सगळ्यात जास्त माणसं इथेच सुटतात. स्मृतिभ्रंशामुळे बाबा रात्रभर फेऱ्या मारत असतील, तर दिवसा काम केलेली मावशी रात्रीही जागी राहील ही अपेक्षा चुकीची आहे. तिथे बारा-बारा तासांच्या दोन पाळ्याच लावा. खर्च वाढतो, हे आम्हाला माहीत आहे; पण झोप न झालेल्या माणसाच्या हातात आईवडील सोपवणं धोक्याचं आहे. चोवीस तास राहणाऱ्या मावशींना झोपायला नीट जागा, वेळेवर जेवण, दिवसातून थोडा मोकळा वेळ आणि आठवड्याची सुट्टी द्या. पेशंटचे कपडे, पेशंटची खोली हे त्यांचं काम. घरभर झाडूपोछा आणि सगळ्यांचा स्वयंपाक नाही.

बदली कोण येणार?

दिवाळीला आणि गावच्या जत्रेला मावशी गावी जाणारच, आणि जायलाच हवं. त्या दिवसांत कोण येईल हे आधी लेखी घ्या. आमच्याकडे बदलीची मावशी एक दिवस आधी येऊन जुन्या मावशींबरोबर काम करते. पलंगापाशी एक वही असते: गोळ्या, साखर, लघवी, संडास, किती खाल्लं, रात्री झोप लागली का. ही वही तुम्हीही रोज वाचा.

आईच "मला कोणी नको" म्हणते तेव्हा

बहुतेक घरांतली आई असंच म्हणते. परक्या बाईकडून अंघोळ घालून घ्यायची लाज वाटते, आणि ती रास्त आहे. आधी दोन-तीन तासांसाठी, चहा आणि फिरण्यापुरतं कोणी ठेवा. ओळख झाली की पुढचं सोपं जातं. आणि आईबद्दलचं बोलणं तिच्या देखत, तिला विचारून करा.

पैसे आणि कागद

सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मान भारत योजनेत वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. घरच्या मावशींचा पगार त्यात बसत नाही, तो वेगळा धरा. आधारची प्रत, पोलीस पडताळणी आणि करार पाहिल्याशिवाय माणूस घरात घेऊ नका. एटीएमचा पिन कोणालाही देऊ नका, आमच्या माणसालाही नाही. मारहाण किंवा हेळसांडीची शंका आली तर आधी ब्युरोला सांगत बसू नका. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन सकाळी ८ ते रात्री ८ मोफत चालते. जिवाला धोका असेल तर थेट ११२.

आम्हाला फोन करताना डिस्चार्ज कार्ड, पेशंटचं अंदाजे वजन आणि रात्रीच्या झोपेची माहिती हाताशी ठेवा.