शिसं, गंधक आणि गुळाचा खडा

परवा इन्व्हर्टरची जुनी बॅटरी भंगारात दिली. काट्यावर छप्पन्न किलो भरली. भाव किलोवर, कारण निम्म्याहून जास्त वजन शिशाचं. ती वितळवणाऱ्यांना त्रास होत नाही का, असं विचारलं तर भंगारवाला निर्धास्त. "रोज गूळ खातात ना ते. शिसं अंगात राहतच नाही."

हा गूळ गिरणीपासून दगडखाणीपर्यंत सगळीकडे भेटतो. घशाला बरं वाटतं, तोंडाला लाळ सुटते, बस. शिशाची पूड लागलेल्या बोटांनी तो खडा तोंडात टाकला तर मात्र पूडही आत जाते.

खरी गोष्ट आहे शिशाच्या गंधकवेडाची. बॅटरी वापरताना तिच्या दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट साचत जातं. म्हातारी बॅटरी फोडली की मिळणारा करडा चिखल बराचसा हाच. भट्टीत कोळसा त्यातला ऑक्सिजन ओढून घेतो, पण गंधक शिशाला सोडत नाही. उरतं लेड सल्फाइड, म्हणजे खाणीतून निघतं तेच गॅलेना! म्हणून भट्टीत लोखंडाचा कीस टाकतात. लोखंड गंधकाला आपल्याकडे ओढतं आणि शिसं मोकळं होऊन तळाशी बसतं. शिसं वितळतं 327 अंशांना, भट्टी मात्र हजाराच्या आसपास. तिथे त्याची वाफ होते आणि हवेत थंड होऊन इतके बारीक कण बनतात की तोंडावर बांधलेला रुमाल त्यांच्यापुढे चाळणीच.

हे कण फुप्फुसातून रक्तात उतरतात आणि तिथेही गंधकच शोधतात. हिमोग्लोबिनमधलं 'हीम' बनवण्याच्या सुरुवातीला अमिनोलेव्ह्युलिनिक आम्लाचे दोन रेणू जोडून एक छोटं कडं तयार होतं. ही जोडणी करणाऱ्या विकराच्या गाभ्यात जस्ताचा एक अणू असतो, सिस्टीन या अमिनो आम्लाच्या तीन गंधकांनी धरलेला. शिसं येतं, जस्ताला उठवतं आणि त्या तीन गंधकांना जस्तापेक्षा कितीतरी घट्ट बिलगतं. जोडणी थांबते. लोह बसवण्याच्या शेवटच्या पायरीवरही शिसं आडवं येतं. मग कड्यांच्या मधोमध लोहाऐवजी जस्तच जाऊन बसतं. या झिंक प्रोटोपॉर्फिरिनवर निळा प्रकाश टाकला की ते लाल चमकतं, आणि त्यावरून रक्त तपासता येतं. मला तर ही चमक रसायनशास्त्रातल्या सगळ्यात देखण्या आणि सगळ्यात वाईट बातम्यांपैकी एक वाटते.

गुळाला या साखळीत कुठेच जागा नाही. दुधाला थोडी आहे. आतड्यात शिसं कॅल्शियमच्या वाटेनं आत घुसतं, त्यामुळे दुधातलं कॅल्शियम पोटात असेल तर ते कमी शोषलं जातं. पण फुप्फुसाच्या वाटेवर दूध भेटणार कसं?

कायदा नाही असं नाही. 2025मध्ये नव्या संहितेनं जागा घेईपर्यंत लागू असलेल्या 1948च्या कारखाना अधिनियमात, कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत पहिलंच नाव शिशाच्या विषबाधेचं होतं. त्याच कायद्यात हवेतल्या शिशाची मर्यादा घनमीटरला 0.15 मिलिग्रॅम होती, अमेरिकेत ती 1978च्या नियमानं 0.05 केली. आपल्याकडे 2022च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्यांची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. पण नोंदणीकृत कारखान्याला धूर गाळायचा खर्च असतो, शेडमधल्या उघड्या भट्टीला नसतो. म्हणून ती भट्टी किलोमागे जास्त भाव देऊ शकते. माझी बॅटरी कुठे गेली, ते मी विचारलं नाही.

शिशावर औषध आहे, तेही गंधकाचंच. सक्सिमर या औषधाच्या रेणूत गंधकाचे दोन हात असतात. ते शिशाला पकडून लघवीवाटे बाहेर नेतात. मग कामगारांना ही गोळी रोज देऊन भट्टी चालू ठेवावी, अशी युक्ती कुणालाही सुचेल. सुचलीही होती, अमेरिकेच्या 1978च्या नियमात अशा प्रतिबंधक गोळ्या देण्यावर स्पष्ट बंदी आहे. आधी माणसाला भट्टीपासून दूर करायचं, गरज पडली तर गोळी त्यानंतर.