लांडगा नुसतं मांस खात नाही

कोंबडीच्या छातीचं १०० ग्रॅम बिनहाडाचं मांस वजनकाट्यावर ठेवा. कुत्र्याला आता कच्चं द्यायचं असं ठरवलेला माणूस पहिल्या दिवशी बहुधा हेच आणतो. स्वच्छ, गुलाबी, चरबी नाही, हाड घशात अडकायची भीती नाही. या तुकड्यात फॉस्फरस असतं साधारण २०० मिलिग्रॅम आणि कॅल्शियम जेमतेम ११. म्हणजे एकास अठरा. कुत्र्याला मात्र ही दोन खनिजं जवळपास बरोबरीने लागतात. कॅल्शियम थोडं जास्त असलं तर उत्तमच, फक्त फॉस्फरसच्या दुपटीवर जायला नको.

ही तूट कुत्रा कशी भागवतो? रक्तातलं कॅल्शियम ठरावीक पातळीखाली गेलं की स्नायू आणि हृदय दोन्ही बिघडतात, म्हणून शरीर ते सहसा खाली जाऊच देत नाही. थायरॉइडला लगटून चार बारीक ग्रंथी असतात, पॅराथायरॉइड नावाच्या. त्या संप्रेरक सोडतात आणि हाडांतलं कॅल्शियम रक्तात उतरायला लागतं. त्यामुळे रक्ताचा रिपोर्ट बरेचदा ठीकठाक येतो आणि हाडं आतून रिकामी होत राहतात. मोठ्या कुत्र्याची ठेव बरी असते, त्याचं कित्येक महिने काही कळतही नाही. पिल्लाची ठेव अजून जमायचीच असते. ते लंगडायला लागतं, मग कधीतरी पलंगावरून साधी उडी मारताना त्याचा पाय मोडतो. एक्स-रेमध्ये हाडाची सावली इतकी फिकी असते की आजूबाजूच्या मांसातून ती शोधावी लागते. आणि घरच्यांना कळेना होतं: पिल्लाला तर रोज नुसतं चांगलं मांस घालतोय!

कच्च्या आहाराची सगळी वकिली एका वाक्यावर उभी आहे: कुत्रा हा मुळात लांडगाच, आणि लांडगा कच्चं खातो. दुसरा भाग खरा आहे, पण लांडगा अख्खा प्राणी खातो. काळीज (म्हणजे यकृत), मूत्रपिंडं, रक्त, कातडी, झेपतील तेवढी हाडं, सगळं. मोठ्या शिकारीच्या पोटातला अर्धवट पचलेला चारा तेवढा तो बहुतेकदा टाकून देतो. त्याचं कॅल्शियम हाडांतून येतं, अ जीवनसत्त्व काळजातून, आयोडीन थायरॉइडमधून. बिनहाडाचे तुकडे हे लांडग्याचं जेवण कधीच नव्हतं. शिवाय लांडगा पिल्लं वाढवण्याइतका जगला की निसर्गाचं काम भागतं. आपल्याला कुत्रा चौदा वर्षं हवा असतो.

आता वाक्याचा पहिला भाग. २०१३ साली स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या एरिक अ‍ॅक्सेलसन आणि सहकाऱ्यांनी १२ लांडग्यांची आणि ६० कुत्र्यांची जनुकं ताडून पाहिली. पिष्टमय पदार्थ फोडणारं अमायलेज हे विकर बनवण्याच्या एका जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती सापडल्या. कुत्र्यांत चारपासून तीसपर्यंत. कुत्र्याच्या लाळेत हे विकर जवळजवळ नसतंच, ते येतं स्वादुपिंडातून, आणि कुत्र्याच्या स्वादुपिंडात हे जनुक लांडग्याच्या मानाने कितीतरी जोमाने काम करतं. माणसाच्या शेतीच्या कडेने, माणसाचं उरलंसुरलं खात जे कुत्रे तगले, त्यांचा हा वारसा. सगळ्यांना तो सारखा मिळालेला नाही. ऑस्ट्रेलियातल्या डिंगोंत प्रती लांडग्याइतक्याच आहेत, सायबेरियन हस्कींतही त्या कमीच असतात.

यावरून काही जण लगेच दुसऱ्या टोकाला जातात आणि कुत्र्याला धान्य लागतंच म्हणतात. तेही खरं नाही. लागणारी साखर कुत्र्याचं यकृत प्रथिनांपासून बनवू शकतं. कुत्र्याला धान्य पचतं, धान्यावाचून त्याचं अडत नाही, एवढंच. मांसावाचून खरोखर अडतं ते मांजराचं.

या आहाराला चळवळीचं रूप आलं ते १९९३ नंतर. इयन बिलिंगहर्स्ट या ऑस्ट्रेलियन पशुवैद्याने त्या वर्षी मांसल कच्ची हाडं आणि कच्च्या भाज्या असा आहार मांडला आणि तो ‘बार्फ’ या नावाने जगभर गेला. तयार कोरड्या खाण्याचा इतिहासही काही फार जुना नाही. जेम्स स्प्रॅटने लंडनमध्ये कुत्र्यांची बिस्किटं विकायला काढली ती १८६०च्या सुमारास. पण त्याआधीचे कुत्रे कच्चं मांस खाऊन जगत होते असं समजायचं कारण नाही. त्यांना मिळायचं माणसाच्या ताटातलं, म्हणजे बरंचसं शिजलेलंच.

बार्फवाल्यांत ८०-१०-१० हा हिशेब सर्रास चालतो: ८० टक्के मांस, १० टक्के हाड, १० टक्के काळीज, मूत्रपिंडं वगैरे. नुसत्या मांसापेक्षा हे पुष्कळच बरं, कॅल्शियमचा प्रश्न त्याने बराचसा सुटतो. राहतात जस्त, मँगॅनीज, आयोडीन, ई आणि ड जीवनसत्त्वं. ड तर कुत्र्याला उन्हात बसूनही मिळत नाही, त्याची कातडी ते फारसं बनवतच नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०१३ साली कुत्र्यांसाठी घरी बनवायच्या २०० पाककृती तपासल्या. त्यातल्या ९५ टक्के पाककृतींत एक ना एक आवश्यक घटक कमी निघाला. काही पाककृती तर पशुवैद्यांनीच लिहिलेल्या होत्या. वेगवेगळं घातलं की आपोआप सगळं साधतं, हा सल्ला त्यामुळे मला पटत नाही. सात दिवस सात प्रकारचं मांस घातलं तरी जस्त सातही दिवस कमीच असू शकतं.

चूक उलट्या बाजूनेही होते. जर्मनीतल्या पशुवैद्यांनी २०१२ साली १२ कुत्र्यांची हकिगत प्रसिद्ध केली. त्यांच्या रक्तात थायरॉइडचं संप्रेरक वाढलेलं होतं, काही रोडावले होते, धापा टाकत होते. गाठ वगैरे काही नव्हती. त्यांच्या खाण्यात जनावराच्या गळ्याचं कच्चं मांस होतं आणि त्याला चिकटून आलेली थायरॉइड ग्रंथी. खाणं बदललं आणि ज्यांचा पाठपुरावा झाला ते सुधारले. काळजाचंही तसंच: थोडं हवंच, पण रोज वाटीभर घातलं तर अ जीवनसत्त्व साठत जातं आणि सांधे आखडतात.

जंतूंचा विषय काढला की बार्फवाल्यांचं उत्तर तयार असतं, कुत्र्याच्या जठरातलं आम्ल तीव्र आहे, त्याला काही होत नाही. कॅनडात २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने या उत्तराला दुजोरा दिला आणि त्यातली मेखही दाखवली. १६ कुत्र्यांना साल्मोनेला असलेलं कच्चं खाणं दिलं. एकही आजारी दिसला नाही. पण सात जणांच्या शीतून पुढचे एक ते सात दिवस जिवंत साल्मोनेला बाहेर पडत होते. म्हणजे कुत्रा ठणठणीत, शेपटी हलवतोय, आणि शी उचलणारा, भांडं घासणारा, गालावर चाटून घेणारा यांच्यापर्यंत जंतू पोचतोय. कुत्र्याचं जठर कुत्र्यापुरतं काम करतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१०–१२ मध्ये विकत मिळणाऱ्या कच्च्या खाण्याचे १९६ नमुने तपासले, तेव्हा १५ मध्ये साल्मोनेला आणि ३२ मध्ये लिस्टेरिया सापडला होता.

भांड्याची गोष्ट तर अजून चिवट आहे. कॅनडातल्याच दुसऱ्या एका प्रयोगात कच्च्या मांसात मुद्दाम साल्मोनेला मिसळून ते कुत्र्याच्या भांड्यांत ठेवलं आणि मग ती भांडी नाना तऱ्हांनी धुतली: साबणाने घासून, भांडी धुण्याच्या यंत्रात घालून, ब्लीचमध्ये भिजवून. प्रत्येक पद्धतीत काही भांड्यांवर जंतू उरलेच. फ्रीझरचाही इथे उपयोग नाही. गोठवल्याने साल्मोनेला आणि लिस्टेरिया झोपतात, मरत नाहीत, आणि लिस्टेरिया तर फ्रिजच्या थंडीत वाढूही शकतो. घरात तान्हं मूल, गरोदर बाई, केमोथेरपी चालू असलेलं कुणी किंवा थकलेले आजी-आजोबा असतील तर कच्चं घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

गोठवण्याचा उपयोग होतो तो परजीवींवर, आणि त्यातला एक फार जुना वैरी आहे. हायडॅटिड नावाचा पट्टकृमी कुत्र्याच्या आतड्यात राहतो. लांबी अवघी काही मिलिमीटर, त्यामुळे शीमध्ये तो नजरेला पडत नाही. त्याची अंडी मेंढी गवताबरोबर खाते, तिच्या यकृतात-फुप्फुसात पाण्याच्या गाठी होतात, त्या गाठी कच्च्या खाल्ल्या की कुत्र्यात पुन्हा कृमी. माणसाच्या तोंडात अंडी गेली तर मेंढीच्या जागी माणूस. डॅनिश पशुवैद्य हाराल्ड क्राबे १८६३ साली आइसलँडला गेला. तिथे त्याने तपासलेल्या १०० कुत्र्यांपैकी २८ जणांत हा कृमी निघाला, आणि माणसांत गाठींचं दुखणं घरोघरी होतं. त्याने साधी पुस्तिका लिहिली, ती देशभर वाटली गेली: मेंढीचे आतले अवयव कुत्र्यापुढे टाकू नका. लोकांनी ऐकलं. पुढे आइसलँडमधून हा रोग गेला. याच वाटेने गेलेल्या न्यूझीलंडने २००२ साली देश तात्पुरता हायडॅटिडमुक्त असल्याचं जाहीर केलं. मेंढीबकरीचे अवयव द्यायचेच असतील तर ते शिजवूनच द्यावेत.

मग कच्चं खाणाऱ्या कुत्र्यांचे मालक इतके खूश का असतात? त्यांना दिसतं ते खोटं नसतं. शी कमी होते आणि घट्ट होते, कारण मांसातलं बहुतेक सगळं पचतं आणि चोथा उरत नाही. अंगावरचे केस चमकतात, कारण खाण्यात चरबी वाढलेली असते. तेवढीच चरबी शिजवलेल्या खाण्यातून दिली तरी ते चमकतील. कच्चं हाड चघळल्याने दातांवरचं कीट खरोखर निघतं, पण जाड, कठीण हाडाने वरच्या जबड्यातली मोठी दाढ उभी चिरल्याची उदाहरणंही पशुवैद्य नेहमी पाहतात. नखाने दाबून ज्यावर खूण उमटत नाही ते हाड दाताला नको. हेलसिंकी विद्यापीठाच्या पाहणीत लहानपणी कच्चं खाल्लेल्या कुत्र्यांत पुढे आतड्यांचा जुनाट दाह कमी आढळला. ही माहिती मालकांनी प्रश्नावलीत भरलेली आहे. पिल्लाला कच्चं घालणारं घर इतर बाबतीतही वेगळंच असतं, म्हणून त्यावरून कारण सिद्ध होत नाही. पण विषय मोडीत काढावा असंही नाही.

एवढं वाचूनही बदल करायचाच असेल तर आठ-दहा दिवस घ्या. जुन्या खाण्यात रोज थोडं थोडं नवं. एकदम चरबीदार खिमा पुढे आला तर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, आणि ते दुखणं जिवावर बेतणारं असतं. वजनाच्या अडीच टक्के खाणं द्या, हा प्रचलित नियमही आंधळेपणाने पाळू नका. २० किलोच्या कुत्र्याला त्या हिशेबाने ५०० ग्रॅम होतं. ते कोंबडीच्या छातीचं असेल तर ६०० कॅलरी, २० टक्के चरबीच्या खिम्याचं असेल तर साडेबाराशेच्या वर. बेताचं हिंडणाऱ्या अशा कुत्र्याला दिवसाला लागतात हजारेक. वाढत्या पिल्लावर तर हे प्रयोग करूच नयेत.

मी स्वतः शिजवून घालण्याच्या बाजूचा. मांस हलकं शिजवायचं आणि त्याचं पाणी फेकायचं नाही, कारण पाण्यात उतरणारी ब जीवनसत्त्वं आणि हृदयाला लागणारं टॉरीन त्यातच असतात. हाड मात्र शिजवायचं नाही. शिजलेलं हाड ठिसूळ होऊन टोकदार चिरफळ्या पडतात, त्या आतडं फाडू शकतात. कॅल्शियमसाठी हाडाची गरजही नाही. अंड्याचं कवच धुऊन, भाजून, मिक्सरमध्ये अगदी पिठासारखं केलं की १ ग्रॅम पुडीत सुमारे ३८० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं. पुन्हा तो काटा काढा. छातीच्या मांसाच्या ५०० ग्रॅममध्ये कॅल्शियम ५५ मिलिग्रॅम, आणि २० किलोच्या मोठ्या कुत्र्याला हवं साधारण १,२५०. तूट भरायला सव्वातीन ग्रॅम पूड घातली तर गणित जवळपास जमतं. जस्त, आयोडीन, ई, ड आणि कमी पडणाऱ्या कॅलरी अजून बाकी आहेत. त्यांचा हिशेब प्राण्यांच्या आहाराचं शिक्षण घेतलेल्या पशुवैद्याकडून कागदावर लिहून घ्यावा, आणि तो कागद फ्रिजच्या दारावर लावावा.