सराव छान झाला, पण शिकून झालं का?

हेन्री मोलेसन या अमेरिकी तरुणावर १९५३ मध्ये मेंदूची शस्त्रक्रिया झाली. फेफऱ्याचे झटके थांबावेत म्हणून मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नव्या आठवणी तयार करणाऱ्या भागाचा, बराचसा भाग काढून टाकण्यात आला. झटके कमी झाले, पण नवीन काही त्याच्या लक्षात राहीना. पुढे ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला एक काम दिलं. कागदावर दुहेरी रेषांची चांदणी काढलेली असते. त्या दोन रेषांच्या मधून पेन्सिल फिरवायची, पण हात थेट दिसत नाही, फक्त आरशात दिसतो. आरशात दिशा उलटी होते, त्यामुळे कोपरा आला की पेन्सिल भलतीकडेच पळते. सुरुवातीला सगळ्यांचंच असं होतं, हेन्रीचंही झालं. पण तीन दिवसांत त्याच्या चुका खूपच कमी झाल्या. आणि आपण हे काम आधी केलंय, याची त्याला रोज काहीच आठवण नसायची.

हात शिकत होता आणि हाताच्या मालकाला त्याचा पत्ताच नव्हता! प्रसंग आणि माहिती लक्षात ठेवणारी यंत्रणा वेगळी आणि हालचाली शिकणारी वेगळी, हे त्यातून लख्ख दिसलं. या दुसऱ्या यंत्रणेत लहान मेंदूचा वाटा मोठा आहे. हालचाल होण्याआधीच तिचा परिणाम काय होणार याचा अंदाज मेंदू बांधून ठेवतो. प्रत्यक्षात काही वेगळं घडलं, तर त्या फरकावरून पुढची हालचाल सुधारली जाते. फरकच पडला नाही, तर सुधारायला काही उरत नाही.

पण एकदा हात बसला, की तीच हालचाल जशीच्या तशी होत राहते का? १९२० च्या दशकात मॉस्कोत निकोलाय बर्नस्टाईन या शास्त्रज्ञाने छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कामगारांच्या हालचाली कॅमेऱ्याने बारकाईने टिपल्या. मुरलेल्या कामगाराच्या हातोड्याचं टोक दर वेळी जवळपास त्याच वाटेने जायचं. खांदा, कोपर आणि मनगट मात्र प्रत्येक घावाला थोडे वेगळे हलायचे. एक सांधा जरा चुकला की दुसरा सांभाळून घ्यायचा. मला या विषयातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. कसबी माणूस ठरलेली हालचाल पुन्हा पुन्हा करत नाही, तो तोच प्रश्न दर वेळी नव्याने सोडवतो.

मग प्रश्न सोडवायचा सराव कसा करायचा? १९७९ मध्ये जॉन शिया आणि रॉबिन मॉर्गन यांनी एक प्रयोग केला. हातात चेंडू घेऊन लाकडी फळ्या ठरलेल्या क्रमाने झटपट पाडायच्या, असे तीन क्रम शिकायचे होते. एका गटाने पहिला क्रम पूर्ण घोटला, मग दुसरा, मग तिसरा. दुसऱ्या गटाला तिन्ही क्रम सरमिसळ करून दिले. सरावाच्या वेळी पहिला गट सरस होता, दुसरा अडखळत होता. पण १० दिवसांनी पुन्हा परीक्षा घेतली तेव्हा सरमिसळ सराव केलेल्यांच्या जास्त लक्षात राहिलेलं दिसलं. एकच क्रम घोटताना मागच्या प्रयत्नाचं उत्तर डोक्यात तयारच असतं, ते नुसतं पुन्हा वापरायचं असतं. सरमिसळीत ते दर वेळी नव्याने जुळवावं लागतं. त्रास होतो तो इथेच, आणि शिकणंही इथेच होतं.

हे आपलं आपल्याला कळत नाही, ही खरी अडचण आहे. नंतरच्या अशाच एका प्रयोगात लोकांना विचारलं, ‘उद्या तुम्हाला हे कितपत जमेल?’ एकेक घोटणारे जास्त खात्रीने बोलले आणि दुसऱ्या दिवशी तेच मागे पडले.

ब्रिटिश टपाल खात्यातल्या कर्मचाऱ्यांचंही असंच झालं. त्यांना टंकलेखन शिकायचं होतं. ॲलन बॅडली आणि लाँगमन यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, रोज एकच तास शिकणाऱ्यांना कळफलक यायला सुमारे ३५ तास लागले. रोज दोन-दोन तासांच्या दोन बैठका करणाऱ्यांना ५० च्या आसपास लागले. तरी सगळ्यात नाराज होता तो एक तासवाला गट. त्यांचे तास कमी लागले, पण दिवस जास्त गेले, आणि इतर सहकारी पुढे जाताना त्यांना दिसत होते.

शिकवणाऱ्यांनाही हा मोह सुटत नाही. प्रत्येक प्रयत्नानंतर चूक सांगितली की विद्यार्थी लगेच सुधारतो आणि दोघांनाही बरं वाटतं. पण मग स्वतःची चूक स्वतः ओळखायची सवय लागत नाही. काही प्रयत्न गप्प राहून बघू द्यावेत, ‘आत्ता काय झालं असं तुला वाटतं?’ एवढं विचारावं आणि मग सांगावं. आणि कितपत आलंय हे बघायचं तर आजच्या शेवटच्या, हात गरम झालेल्या प्रयत्नावरून बघू नये. दोन दिवस मध्ये जाऊ द्यावेत आणि त्यानंतरचा पहिला प्रयत्न बघावा.