बुकशेल्फ स्पीकर

बुकशेल्फ स्पीकर : पुस्तकांच्या फळीवर, टेबलावर किंवा तिवईवर मावेल एवढ्या पेटीत बसवलेला ध्वनिक्षेपक. साधारण ५ ते २० लिटर घनफळाची पेटी, १३ ते १७ सेंमी. व्यासाचा एक वूफर (खर्ज वाजवणारा भाग) आणि सुमारे २५ मिमी. घुमटाचा एक ट्वीटर (तार वाजवणारा भाग) ही त्याची आजची रूढ घडण. पेटीत अ‍ॅम्प्लिफायर नसेल तर स्पीकरला पॅसिव्ह म्हणतात. बाहेरच्या अ‍ॅम्प्लिफायरकडून आलेल्या संकेताची खर्ज आणि तार अशी वाटणी पेटीतली वेटोळी व धारित्रे करतात. या मंडलाला क्रॉसओव्हर हे नाव आहे. प्रस्तुत नोंद पॅसिव्ह प्रकारापुरती आहे.

उगम : या प्रकाराचा प्रारंभ सामान्यतः १९५४ पासून धरतात. त्या वर्षी एडगर व्हिल्चर आणि हेन्री क्लॉस यांनी अमेरिकेत मॅसॅचूसेट्समधील केंब्रिज येथे अ‍ॅकूस्टिक रिसर्च ही कंपनी काढली आणि एआर-१ हा स्पीकर बाजारात आणला. त्याची पेटी सुमारे ६३ सेंमी. लांब होती. आजच्या मानाने तिला फळीवरची म्हणणे धाडसाचे आहे. पण तोवर चांगला खर्ज हवा तर कपाटाएवढी पेटी किंवा कर्णा लागे, त्या तुलनेत ती लहानच होती.

तिच्यामागील तत्त्व असे. वूफरचा शंकू मागेपुढे हलतो आणि त्याला जागेवर परत आणायला स्प्रिंग लागते. पूर्वी हे काम शंकूच्या कडेची आणि मधली कडक जोडणी करी. मात्र हालचाल मोठी झाली की तिचा ताण समप्रमाणात राहत नसे आणि खर्जात विकृती येई. व्हिल्चर यांनी जोडणी अगदी सैल ठेवली, पेटी हवाबंद केली आणि आत कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंग केले. हवेची स्प्रिंग जास्त सरळ वागते, त्यामुळे लहान पेटीतूनही स्वच्छ खर्ज मिळाला. डिसेंबर १९५६ मध्ये त्यांना याचे अमेरिकी एकस्व (पेटंट) मिळाले.

श्रेयाचा वाद इथून सुरू होतो. आरसीए या अमेरिकी कंपनीच्या प्रयोगशाळेतील हॅरी ओल्सन आणि जॉन प्रेस्टन यांना १९४९ मध्येच शंकूच्या आधारासंबंधी एक एकस्व मिळाले होते आणि हवेच्या लवचीकतेचा उपयोग त्यात होता. इलेक्ट्रो-व्हॉइस कंपनीने व्हिल्चर यांच्या एकस्वाला आव्हान दिले, तेव्हा हे आधीचे काम पुढे आले आणि एकस्व रद्द ठरले. व्हिल्चर यांनी अपील केले नाही. परिणामी हवाबंद पेटी कोणालाही विनाशुल्क बनवता येऊ लागली आणि तिचा झपाट्याने झालेला प्रसार काही अंशी या पराभवामुळेच झाला असावा. कल्पनेचा अग्रमान ओल्सन-प्रेस्टन यांच्याकडे जातो हे नाकारता येत नाही. मात्र हवेला मुख्य स्प्रिंग मानून सबंध स्पीकर तिच्याभोवती रचणे आणि तो विकण्याजोगा करणे हे काम व्हिल्चर यांचे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. पुढे १९५७-५८ च्या सुमारास स्टिरिओ तबकड्या आल्या, घरात एकाऐवजी दोन पेट्या ठेवायची वेळ आली आणि लहान आकाराला आपोआप मागणी आली.

घडणीतील तडजोड : लहान पेटी, खोल खर्ज आणि कमी विजेत मोठा आवाज या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत; दोन घेतल्या की तिसरी सोडावी लागते. हा नियम क्लॉस यांचे केएलएच कंपनीतील भागीदार जे. अँटन हॉफमन यांच्या नावाने ओळखला जातो. पेटीचे घनफळ कार्यक्षमतेच्या सम प्रमाणात आणि खर्जाच्या खालच्या मर्यादेच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. म्हणजे १० लिटरची पेटी ६० हर्ट्झपर्यंत उतरत असेल, तर तेवढ्याच कार्यक्षमतेने ३० हर्ट्झ गाठायला ८० लिटरची पेटी लागेल. पेटी तीच ठेवली तर कार्यक्षमता ९ डेसिबलने घटेल. बुकशेल्फ स्पीकरचे मूल्यमापन म्हणजे रचनाकाराने यांतले काय सोडले ते शोधणे होय. हवाबंद नसलेल्या, खर्जाला मदत म्हणून नळीसारखे छिद्र ठेवलेल्या पेट्यांचे गणित ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये मांडले आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७२-७३ च्या लेखांत ते पूर्णत्वास नेले. तोवर छिद्राची लांबी बरीचशी अंदाजानेच ठरे.

या तडजोडीचे बारकाईने पाहण्याजोगे उदाहरण म्हणजे बीबीसीच्या संशोधन विभागाने तयार केलेला एलएस ३/५ए. त्याचे मूळ ध्वनिक प्रतिकृतींच्या कामात आहे. स्टुडिओची आठपट लहान प्रतिकृती करून तिच्यात आवाज वाजवून पाहण्यासाठी छोटा स्पीकर बनवला गेला होता. तो पुढे बाह्यप्रक्षेपणाच्या गाडीत, जिथे मोठ्या पेटीला जागा नाही, तिथे निवेदकाचा आवाज तपासायला उपयोगी ठरेल असे लक्षात आले. हारवुड, व्हॅटन आणि मिल्स यांचा त्यावरील अहवाल १९७६ चा आहे. पेटी सुमारे ३० × १९ × १६ सेंमी., आतले घनफळ जेमतेम ५ लिटर. केईएफ कंपनीचे बी११० वूफर व टी२७ ट्वीटर त्यात असून वाटणी ३,००० हर्ट्झच्या आसपास होते. ट्वीटरभोवती जाड नमद्याची चौकट चिकटवलेली असते, ती पेटीच्या कडांवरून परावर्तित होणारा आवाज शोषण्यासाठी. संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक विजेत मिळणारी आवाजाची पातळी, मात्र ८३ डेसिबलच्या आसपास, म्हणजे फारच कमी. आकार आणि समतोल राखण्यासाठी आवाजाची पातळी सोडून दिली आहे.

१०० हर्ट्झच्या थोडे वर या स्पीकरच्या आलेखाला (कोणत्या कंप्रतेला किती मोठा आवाज ते दाखवणाऱ्या) एक उंचवटा आहे. त्यामुळे ५ लिटरच्या मानाने खर्ज भरदार भासतो. प्रत्यक्षात ७० हर्ट्झखाली फारसे काही नाही. हा उंचवटा हेतुपुरस्सर होता की तडजोडीतून उरला, यावर जाणकारांत एकमत नाही. मूळ १५ ओहमच्या आवृत्तीची जागा १९८७-८८ च्या सुमारास ११ ओहमच्या आवृत्तीने घेतली. दोहोंतली सरस कोणती, या वादाला भक्तसंप्रदायाचे रूप आले आहे.

मापन : पेटीच्या रुंदीपेक्षा बऱ्याच मोठ्या लांबीच्या ध्वनितरंगांना पेटी अडवू शकत नाही, ते मागेही पसरतात. परिणामी समोरच्या श्रोत्यासाठी खालचा भाग ६ डेसिबलपर्यंत उतरतो. १९ सेंमी. रुंदीच्या पेटीत ही पायरी ६०० हर्ट्झच्या आसपास येते. क्रॉसओव्हरमध्ये तिची भरपाई केली नसेल तर गाणारा छातीतून नव्हे, नाकातून गातो असे वाटते. संवेदनशीलता वाचताना सावध राहावे. ती बहुधा २.८३ व्होल्ट आणि १ मीटर अंतरावर सांगितलेली असते; ८ ओहमला हा विद्युतदाब १ वॅट देतो, पण ४ ओहमला २ वॅट, म्हणजे ३ डेसिबल फुकटचे. आंतरराष्ट्रीय मानकानुसार संरोध (ओहममध्ये मोजला जाणारा विजेला होणारा विरोध) नाममात्र आकड्याच्या ८० टक्क्यांखाली उतरू नये, म्हणजे ८ ओहमच्या स्पीकरला ६.४ ओहम ही तळमर्यादा.

फक्त समोरून घेतलेला आलेख अपुरा असतो, कारण खोलीत कानावर पडणारा बराचसा आवाज भिंतींवरून परतलेला असतो. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल यांनी केलेल्या आणि १९८५-८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामातून हे स्पष्ट झाले. २०१३ मध्ये आलेल्या अमेरिकी मानकात ७० दिशांची मापने मागितली आहेत. शॉन ऑलिव्ह यांनी २००४ मध्ये ७० स्पीकरांच्या मापनांवरून श्रोत्यांची पसंती वर्तवणारे सूत्र दिले. वर्तवलेल्या आणि प्रत्यक्ष पसंतीतला सहसंबंध ०.८६ आला. आकडा मोठा आहे (१ म्हणजे पूर्ण जुळणी), पण सूत्रातला सुमारे एक तृतीयांश भार खर्ज किती खोल जातो यावर असल्याने लहान पेट्यांना ते जरा जाचक ठरते.

श्रवणपरीक्षा : टूल आणि ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये दाखवले की स्पीकर दिसत असताना आणि पडद्याआड असताना त्याच श्रोत्यांनी दिलेले गुण बदलतात. दोन जोड्यांची तुलना करताना आवाजाची पातळी मोजून समान करावी, नाहीतर जो किंचित मोठा तोच चांगला वाटतो. एकच पेटी वाजवून ऐकल्यास दोष लवकर कळतात.

कोणती ध्वनिमुद्रणे वापरावीत यावर पाश्चात्त्य साहित्यात पुष्कळ लिहिले आहे, आपल्याकडे कमी. तंबोरा यासाठी फार उपयुक्त आहे. जवारीमुळे, म्हणजे घोडीच्या रुंद माथ्याला तार घासून उठणाऱ्या झंकारामुळे, त्याच्या नादात वरचे स्वरांश विलक्षण भरलेले असतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्येच नोंदवले होते. हा नाद अखंड आणि ओळखीचा असल्याने वूफर व ट्वीटर जिथे जुळतात तिथली फट त्यात उघडी पडते : जवारी मूळ तारेपासून सुटून वेगळीच वर तरंगू लागते. डग्ग्यावरचा घिस्सा खर्जाची परीक्षा घेतो. मनगटाच्या दाबाबरोबर स्वर सलग चढायला हवा. मध्येच एखाद्या जागी तो फुगला तर ते छिद्राचे, पेटीचे किंवा खोलीचे काम समजावे.

ठेवण्याची जागा : नाव बुकशेल्फ असले तरी बहुतेक पेट्या फळीवर चांगल्या वाजत नाहीत. मागची भिंत ६० सेंमी.वर असेल तर सुमारे १४० हर्ट्झला परतलेला तरंग मूळ तरंगाला मारतो. भिंतीला अगदी टेकवल्यास ही खोच वर सरकते, पण खर्ज वाढतो. भिंत गृहीत धरून आखलेल्या पेट्या थोड्या आहेत.

जुनी हवाबंद पेटी तपासण्याची एक साधी रीत आहे. वूफरचा शंकू बोटांनी सर्व बाजूंनी सारखा, हलकेच आत दाबून सोडावा. तो सावकाश परत आला तर पेटी अजून हवा धरून आहे. चटकन उसळला तर कडेचे कापड, लेप किंवा पेटीचा सांधा कुठेतरी हवा सोडतो आहे.